पहिलं मॉडेल बिघडलंय, टाकून देऊ का?

प्रश्न: मी चाळिशीतली आहे. हाताने काहीतरी घडवायची हौस लहानपणापासून होती, पण ते राहून गेलं. दोन महिन्यांपूर्वी स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं 1/72 स्केलचं प्लास्टिक किट आणलं. सूचनापत्रक समोर ठेवून जोडत गेले, तरी पंखावर माझ्याच बोटाचा ठसा उमटला. धड आणि पंख यांच्यामध्ये फट राहिली. कॉकपिटची काच पांढुरकी पडली. रंग ब्रशने दिला. पहिला हात फिका दिसला म्हणून लगेच दुसरा दिला, तर खालचा रंगच उचलून आला. जिथे टिकला तिथे ब्रशच्या रेघा आहेत. डाव्या पंखावर डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं चिन्ह, लावलं, त्याच्याभोवती चंदेरी चमक दिसते. मग माझा हातच थांबला. इंटरनेटवर इतरांची मॉडेल्स पाहिली की माझं लपवून ठेवावंसं वाटतं. हे टाकून देऊ की दुरुस्त करू? माझ्या हातालाच वळण नाही का? आणि एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन, घेतला तर हे सगळं सुटेल का?

उत्तर: सप्रेम नमस्कार. टाकू नका, दुरुस्त करा. तुम्ही लिहिलेली जवळजवळ प्रत्येक चूक अजूनही सुधारता येते. जी सुधारणार नाही ती राहू द्या.

हाताच्या वळणाबद्दल म्हणाल, तर तुमच्या पत्रात हात थरथरल्याची, भाग तुटल्याची किंवा चाक वाकडं बसल्याची एकही तक्रार नाही. तुमच्या हातून झालेल्या चुकांची कारणं मुख्यतः दोनच दिसतात. काहीतरी गरजेपेक्षा जाड लागलं, किंवा वाळायच्या आत त्याला हात लागला. या दोन्ही गोष्टी सवयीच्या आहेत, आणि त्या पहिल्या मॉडेलवर सगळ्यांकडूनच होतात, कारण सूचनापत्रकात त्यांच्याबद्दल एक ओळही नसते. कुठला भाग कुठे बसतो एवढंच ते चित्रांतून सांगतं.

आधी स्केलचा हिशेब समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. 1/72 म्हणजे मॉडेलवरचा एक मिलिमीटर खऱ्या विमानावर 72 मिलिमीटर. स्पिटफायरच्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत 11.23 मीटर होती, तुमच्या मॉडेलवर ती साधारण 15.6 सेंटिमीटर भरेल. आता याच हिशेबाने रंगाकडे बघा. बाटलीतून थेट घेतलेल्या रंगाचा थर वाळल्यावर समजा दशांश मिलिमीटर जाडीचा राहिला, तर तो खऱ्या विमानावर सात मिलिमीटर जाडीचा रंग झाला. पाव मिलिमीटरची फट म्हणजे 18 मिलिमीटरची, बोट जाईल एवढी भेग. म्हणून या छंदात सगळं पातळ हवं: सिमेंट (म्हणजे भाग जोडायचं द्रव) पातळ, रंग पातळ, वॉर्निश पातळ.

हाच हिशेब तुमच्या बाजूनेही बोलतो. मॉडेल डोळ्यांपासून 60 सेंटिमीटरवर धरलं, तर ते खरं विमान 43 मीटरवरून पाहिल्यासारखं असतं. इतक्या अंतरावरून कोणाला ब्रशच्या रेघा दिसणार? तुम्ही इंटरनेटवर जे पाहता ते वितभर मॉडेल पडद्यावर दोन-तीन पट मोठं करून दाखवलेलं असतं, प्रकाश नीट लावून, चांगली बाजू कॅमेऱ्याकडे करून. त्याची तुलना नाकासमोर धरलेल्या स्वतःच्या मॉडेलशी करणं तुमच्यावरच अन्याय आहे.

आता बोटाचा ठसा. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं आणि मॉडेलचं सिमेंट हे चिकटवणारं नसून विरघळवणारं द्रव असतं. दोन्ही कडांचं प्लास्टिक ते मऊ करतं, मऊ झालेले भाग एकमेकांत मिसळतात, द्रव उडून जातं आणि सांधा एकजीव होतो. पातळ सिमेंट सांध्याच्या एका टोकाला ब्रशने नुसतं टेकवलं तरी ते केशाकर्षणाने आपोआप फटीतून पुढे धावतं. तुमचं बोट त्याच सांध्यावर टेकलेलं होतं, त्यामुळे सिमेंट बोटाखालीही गेलं, तिथलं प्लास्टिक मऊ झालं आणि ठसा छापला गेला. भाग धरताना बोटं सांध्यापासून दूर ठेवा, किंवा मास्किंग टेपच्या छोट्या पट्ट्यांनी भाग बांधून ठेवा आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत सिमेंट सोडा. टेपच्या कडेलाही सोडू नका, त्याच्याखालीही ते शिरतं.

उमटलेला ठसा घालवणं कठीण नाही. तुमचं प्लास्टिक केव्हाच कडक झालं असेल, त्यामुळे आजही सुरुवात करता येईल. 600 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने गोल फिरवा. ठशाच्या रेषा गेल्या की 1000 नंबरने तीच जागा गुळगुळीत करा. पेपर ओला असला की धूळ उडत नाही आणि पेपरचे दातही लवकर बुजत नाहीत. पुढच्या वेळी मात्र ठसा पडला रे पडला की लगेच घासायला घेऊ नका. मऊ प्लास्टिक घासलं तर ते ओढलं जातं आणि खड्डा पडतो. किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्या.

धड आणि पंख यांच्यातल्या फटीचा दोष बहुधा तुमच्याकडे जात नाही. विमानांच्या किटमध्ये हीच जागा सगळ्यात त्रासाची असते. शिवाय काही किट फार जुन्या साच्यांतून अजूनही काढली जातात. पेटीवरचं चित्र नवं असतं, आतला साचा कित्येक दशकांपूर्वीचा. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने 1/72 स्केलचं आपलं पहिलं स्पिटफायर 1950च्या दशकात काढलं आणि तेव्हापासून या एकाच विमानाची किती किट आली याला सुमार नाही, त्यामुळे पेटी घेताना साचा कोणत्या काळातला आहे हे विचारून घ्यावं. जुन्या साच्यात सांधे सैल असतात आणि रिव्हेटचे उंचवटे जाडजूड दिसतात.

साचा कसाही असो, सिमेंट लावण्याआधी भाग कोरडे जुळवून पाहायचे, हा नियम मी कधीच सोडणार नाही. टेपने बांधा, प्रकाशासमोर धरा, कुठे अडतंय ते बघा. बहुतेक वेळा स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले असतात तिच्यावरून, भाग कापताना एखादा बारीक कोंभ कडेला राहिलेला असतो आणि तोच सांधा उघडा ठेवतो. म्हणून साइड कटरने भागाला लागून कापायचं नाही. थोडं अंतर ठेवून कापायचं आणि उरलेला कोंभ पात्याने, मग कानशीने सपाट करायचा. पातं नेहमी अंगापासून दूर चालवा.

पंखांच्या बुडाशी फट राहते तिला एक युक्ती आहे. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, धडावरून, टेपची लांब पट्टी ताणून लावायची. तिच्या ओढीने पंखांची टोकं किंचित वर उचलली जातात आणि बुडाशी असलेली फट मिटते. स्पिटफायरच्या पंखांची टोकं मुळातही वर असतात, त्यामुळे ते दिसायलाही बरोबर येतं. पट्टी तशीच ठेवून सांध्यात सिमेंट सोडा आणि रात्रभर राहू द्या. तुमचे पंख आता पक्के चिकटलेत, तेव्हा तुम्हाला पुट्टीच लागेल. सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावा, मधल्या चिरेत पुट्टी दाबून भरा, जादाची निपटून काढा, लगेच टेप उचला. पूर्ण वाळली की 600 आणि मग 1000. पुट्टी वाळताना आकसते, त्यामुळे दुसऱ्यांदा थोडी भरावी लागली तर तुमचं काही चुकलं असं समजू नका.

काचेवर पांढुरकं येण्याचं कारण बहुधा सुपरग्लू. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण लक्षण त्याचंच दिसतंय. सुपरग्लू घट्ट होताना त्याची वाफ सुटते आणि ती जवळच्या पृष्ठभागावर पांढरी बसते, पारदर्शक भागावर ती लगेच डोळ्यांत भरते. हा थर बाहेरच्या बाजूला असेल तर 1500 किंवा त्याहून बारीक ओल्या पेपरने घासा, मग प्लास्टिकसाठी मिळणाऱ्या पॉलिशने किंवा साध्या पांढऱ्या टूथपेस्टने मऊ फडक्यावर चोळा, शेवटी चकचकीत पारदर्शक ॲक्रिलिक वॉर्निशचा एक पातळ हात द्या. काच पुन्हा काचेसारखी दिसेल. थर आतल्या बाजूला असेल तर सोडून द्या. चिकटलेली काच उपटायला गेलात तर ती तडकेल, आणि धुरकट काचेपेक्षा तडकलेली काच वाईट. पुढच्या विमानाला काच बसवायला पांढरा पीव्हीए गोंद वापरा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, त्याची वाफ धरत नाही, आणि चुकून बाहेर आला तर ओल्या ब्रशने पुसता येतो.

रंगाविषयी मला सविस्तर बोलायचंय, कारण नवे लोक छंद सोडतात ते इथेच.

तुमचा खालचा रंग उचलून आला यावरून मला दोन शक्यता दिसतात. रंगाला झोंबणारा वास येत असेल तर तो अल्कोहोलच्या पायावरचा ॲक्रिलिक आहे. तामिया कंपनीचे छोट्या बरणीतले रंग या प्रकारात येतात. स्प्रेने मारायला ते फार छान, पण ब्रशने देताना ते चटकन वाळतात आणि नव्या थरातलं द्रव खालच्या ताज्या थराला पुन्हा विरघळवतं. तुम्ही ब्रश फिरवला आणि तो उचलला गेला. असा रंग ब्रशनेच द्यायचा असेल तर त्याच कंपनीचा थिनर आणि वाळणं लांबवणारा रिटार्डर घाला, आणि दोन हातांमध्ये पूर्ण दिवस ठेवा. रंगाला वास जवळपास नसेल तर तो पाण्याच्या पायावरचा आहे, वालेहो कंपनीचे ठिबकणीच्या बाटलीतले रंग असतात तसा. ब्रशसाठी मी नवशिक्यांना हाच सुचवते. तो उचलला गेला असेल तर दोष बहुधा प्लास्टिकच्या पृष्ठभागाचा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट द्रवाचा अंश भागांवर राहिलेला असतो, त्यावर आपल्या बोटांचं तेल चढतं. भाग जोडण्याआधी कोमट पाणी आणि भांडी घासायचा द्रव साबण यांनी धुवावेत, वाळू द्यावेत, आणि रंगाआधी प्रायमरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचा, एक हात द्यावा. प्रायमर नसेल तर पाण्याचा रंग उघड्या प्लास्टिकवर नुसता टेकलेला असतो, नखानेही निघतो.

आता रेघा. रंग बाटलीत जसा येतो तसा लावायचा नसतो. बशीत थोडा काढा, त्यात थेंबाथेंबाने पाणी किंवा त्याचा थिनर घाला, दुधाइतका पातळ होईपर्यंत. पहिला हात दिल्यावर खालचं प्रायमर दिसत राहील, डाग डाग दिसेल, मन खट्टू होईल. तिथेच थांबायचं असतं. तुम्ही ज्या क्षणी दुसरा हात दिलात तो क्षण हाच. पहिल्या हाताने झाकणं अपेक्षितच नाही, तिसऱ्या हाताला पृष्ठभाग एकसारखा होतो. पाण्याच्या रंगाला दोन हातांमध्ये तासभर तरी द्या, घाई नसेल तर जास्त. आणि एका जागेवरून ब्रश फिरवून झाला की परत तिथे जाऊ नका. अर्धवट वाळलेल्या रंगावरून ब्रश गेला की रेघ ठरलेलीच. कुठे राहून गेलं असं वाटलं तरी ते पुढच्या हातात भरून निघेल.

ब्रशबाबत एक गैरसमज सगळीकडे दिसतो: मॉडेल लहान म्हणून ब्रशही केसासारखा बारीक हवा. उलट आहे. बारीक ब्रशवर रंग इतका कमी राहतो की तो प्लास्टिकपर्यंत पोचेपर्यंत टोकाला सुकतो. पंखासाठी सुमारे एक सेंटिमीटर रुंदीचा चपटा, मऊ, सिंथेटिक ब्रश घ्या. बाकी सगळ्याला 2 नंबरचा गोल ब्रश पुरतो, टोक चांगलं असलं म्हणजे झालं. वैमानिकाचा चेहरा किंवा कॉकपिटमधल्या तबकड्या यांच्यासाठीच 0 नंबर काढा. शेवटचा हात पंखावर पुढून मागे, हवा वाहते त्या दिशेने द्या. एखादी बारीक रेघ राहिलीच तर ती त्या दिशेत मिसळून जाते.

तुमच्या मॉडेलवरचा रंग पूर्ण काढून पुन्हा सुरुवात करावी असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. मी देणार नाही. ॲक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो हे खरं, पण पहिल्याच मॉडेलवर ते करताना धीर सुटतो. ॲसिटोन किंवा हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर तर अजिबात आणू नका, ते रंगासोबत पंखही विरघळवतं. त्यापेक्षा वाळलेल्या रंगाच्या रेघा आणि जिथे रंग उचलला तिथल्या कडा 1000 नंबरच्या ओल्या पेपरने सपाट करा. प्लास्टिक उघडं पडेल तिथे प्रायमरचा ठिपका द्या, आणि पातळ रंगाचे नवे हात सुरू करा. हे उजव्या पंखावर, धडावर आणि शेपटीवर करा. डाव्या पंखाला पुन्हा रंग देऊ नका, कारण तिथे डिकल आहे आणि घासलंत तर ते जाईल. नव्या रंगाची कड धड आणि पंख यांच्या सांध्यावर आणून थांबवा. हिरव्या-तपकिरी छलावरणात, म्हणजे विमान लपवणाऱ्या रंगांच्या पट्ट्यांत, ती जागा सहज लपते. एकाच मॉडेलवर दोन पंख दोन पद्धतींनी रंगवलेले राहतील. मला तर हे फायद्याचंच वाटतं: काय बदललं हे कोणी सांगण्याची गरज उरणार नाही.

डिकलभोवतीची चमक म्हणजे त्याच्याखाली अडकलेली हवा. युद्धविमानांचा रंग मॅट असतो आणि मॅट म्हणजे सूक्ष्म खडबडीत. पातळ डिकल त्या उंचवट्यांवर तरंगत राहतं, खाली हवेचे कण उरतात, प्रकाश पडला की ते चंदेरी दिसतात. म्हणून रंग पूर्ण वाळल्यावर आधी चकचकीत वॉर्निश द्यायचं, त्यावर डिकल लावायचं आणि शेवटी सगळ्यावर मॅट वॉर्निश देऊन चमक मारायची. हा क्रम सूचनापत्रकात जवळजवळ कधीच नसतो. उरलेल्या डिकलना तो पाळा. डिकल कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवा, बाहेर काढून कागदावर मिनिटभर ठेवा, कागदावर ते बोटाने हलकेच सरकायला लागलं की मगच मॉडेलजवळ न्या. चिमट्याने डिकल उचलू नका. कागदच पंखावर टेकवा आणि डिकल ओल्या ब्रशने त्याच्यावरून सरकवा. जागेवर आलं की मधून कडेकडे पाणी दाबून काढा.

डाव्या पंखावरचं जे आधीच चमकतंय त्याला टोकदार सुईने चमकणाऱ्या जागी बारीक बारीक टोचे द्या आणि वरून डिकल मऊ करणारं द्रव ब्रशने लावा. मायक्रो सोल हे त्यातलं जुनं आणि खात्रीचं. ते लावल्यावर डिकलला सुरकुत्या पडतील आणि ते वाया गेलं असं वाटेल. हात लावू नका. सुकता सुकता ते पंखाच्या रेषांमध्ये बसतं आणि सपाट होतं. एकदा लावून पूर्ण गेलं नाही तर वाळल्यावर पुन्हा लावा. चमक अगदी शंभर टक्के जाईल असं आश्वासन मी देत नाही, पण हातभर अंतरावरून दिसणार नाही इतपत ती नक्की जाते.

राहिला एअरब्रश. आत्ता घेऊ नका. तुमच्या पत्रातल्या सहा तक्रारींपैकी एअरब्रशने सुटणारी एकच, ब्रशच्या रेघांची. ठसा, फट, काच, डिकल यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. रंग घाईने देण्याची सवय तर तो आणखी उघडी पाडतो: जास्त पातळ रंग ओघळतो, कमी पातळ केलेला तोटीत अडकतो, आणि प्रत्येक रंगानंतर तो उघडून साफ करावा लागतो. कंप्रेसर, वाफा बाहेर काढायची सोय आणि मास्क यांची तयारी वेगळीच. पातळ रंग किती पातळ, किती वाळल्यावर पुढचा हात, हे अंगवळणी पडलेलं असलं की एअरब्रश दोन दिवसांत जमतो. नसलं तर महिनोन् महिने छळतो. ब्रशने दोन-तीन मॉडेल्स पुरी करा, मग त्याबद्दल पुन्हा लिहा. तेव्हा आपण 0.3 मिलिमीटरच्या तोटीपासून बोलू.

पुढचं किट एक इंजिन आणि पंखांची एकच जोडी असलेलंच घ्या, साठएक भागांच्या आतलं, नव्या साच्याचं. दोन थरांचे पंख असलेलं विमान आत्ता नको, त्यात वरचा पंख सरळ बसवणं आणि तारा ओढणं हे वेगळंच काम आहे. चकचकीत मोटारगाडीही नको, तिच्या रंगात धुळीचा एक कणही लपत नाही. रणगाडा चालेल. त्याच्या चिखलाखाली आणि धुळीखाली बरंच काही माफ होतं.

सगळं आटपल्यावर उरलेली स्प्रूची चौकट फेकू नका. ती तुमच्या किटच्याच प्लास्टिकची आहे, त्यामुळे प्रत्येक नवा रंग, थिनर आणि वॉर्निश आधी तिच्यावर लावून पाहता येतो. उद्या सकाळी सुरुवात तिथूनच करा. तिच्या एका दांडीवर प्रायमर द्या, ते वाळलं की अर्ध्या भागावर बाटलीतला जाड रंग आणि अर्ध्यावर पातळ केलेला, तीन हात, तासातासाने. संध्याकाळपर्यंत प्रमाण तुमच्या हाताला कळेल, मग उजव्या पंखाला हात घाला.